एफटीईच्या एका रकान्यात तीन आकडे

इंग्लंडमधल्या एखाद्या प्राथमिक शाळेची जाहिरात साधारण अशी असते: टीचिंग असिस्टंट हवी, आठवड्याला २५ तास, फक्त सत्राचे ३९ आठवडे, पगार २६,००० पौंड एफटीई, प्रो राटा (म्हणजे कामाच्या प्रमाणात). लेस्टरला किंवा हॅरोला राहणारी एखादी मराठी आई ती वाचते. मुलांच्या शाळेच्या वेळेत बसणारी, सुट्ट्यांत घरी राहू देणारी नोकरी म्हणून अर्ज करते. मनात २६,००० ला १२ ने भागून ठेवते. पहिल्या पगारपत्रकावर मात्र कपातीच्या आधीचा आकडा असतो १,२५४ पौंडांच्या आसपास. ती घाबरते आणि विचारायला जाते. ‘प्रो राटा आहे ना,’ एवढंच उत्तर मिळतं.

तिकडे पुण्यात, खराडीला किंवा हिंजवडीला, तशाच एखाद्या शाळेचं पगारपत्रक तयार करणारी मुलगी पडद्यावर एफटीई नावाचा एकच रकाना बघत बसलेली असते. त्यात ०.६७५७ भरायचं, ०.५७८६ भरायचं की ०.५०५४? तिन्ही आकडे याच नोकरीचे आहेत आणि तिन्ही कुणीतरी कधीतरी भरलेले मी पाहिले आहेत. ब्रिटिश शाळांच्या पगाराचं काम मी अनेक वर्षं केलं. हा लेख त्या दोघींसाठी आहे. वरचे पगाराचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

आधी आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. आपण महाविद्यालयांतल्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांशी याची तुलना करतो, ती चुकीची आहे. तासिका तत्त्वावर जेवढे तास घेतले तेवढे पैसे मिळतात. ब्रिटनमधली सत्रकालीन कर्मचारी बहुतेक वेळा कायम नोकरीत असते. तिचा करार वर्षभर चालू असतो, फक्त काम सत्रातच असतं, आणि वर्षाचा पगार बहुतेक ठिकाणी १२ समान हप्त्यांत मिळतो. ऑगस्टमध्ये शाळा बंद असली तरी तिचा हप्ता येतो. या एका सोयीमुळे हिशेब अवघड होतो.

एफटीई म्हणजे पूर्णवेळ माणसाच्या तुलनेत हा माणूस किती. पण ‘किती’ कशात मोजायचं? आठवड्यात, वर्षात की पगारात? वर्षभर काम करणाऱ्या अर्धवेळ माणसासाठी वर्षाचा आकडा १ असतो, आठवड्याचा आणि पगाराचा एकच येतो, म्हणून फरक कुणाला जाणवत नाही. सत्रकालीन माणसासाठी तिन्ही उत्तरं वेगळी येतात. म्हणून माझा आग्रह असा की सॉफ्टवेअर कोणतंही असो, हे तीन आकडे तीन वेगळ्या रकान्यांत, तीन वेगळ्या नावांनी ठेवा. एकाच रकान्यात कोंबले की पुढच्या माणसाला मागच्याने काय मोजलं होतं ते कळत नाही.

पहिला आकडा आठवड्याचा, आणि तो सोपा आहे. तिचे करारातले तास भागिले पूर्णवेळचे तास. इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनाच्या वेतनश्रेणीत पूर्णवेळ आठवडा ३७ तासांचा असतो, लंडनमध्ये ३६ चा. आरोग्यसेवेत तो ३७.५ असतो. जेवणाची बिनपगारी सुट्टी यात धरत नाहीत, आणि ही गोष्ट करार वाचूनच कळते. सकाळी ८.४५ ते दुपारी ३.१५ असं वेळापत्रक बघून साडेसहा तास भरणारे बरेच आहेत. आपल्या उदाहरणात २५ भागिले ३७, म्हणजे ०.६७५६७६.

दुसरा आकडा वर्षाचा. खरी गफलत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

वर्षात ५२ आठवडे नसतात. ३६५ भागिले ७ म्हणजे ५२.१४३. काही संस्था लीप वर्ष धरून ५२.१७९ घेतात. दोन्ही चालतात, पण एका संस्थेत एकच चाललं पाहिजे. शाळेची सत्रं मुलांसाठी १९० दिवसांची, म्हणजे ३८ आठवड्यांची असतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे ५ दिवस धरले की १९५ दिवस, ३९ आठवडे होतात. मग ३९ भागिले ५२.१४३ करायचं का? त्याचं उत्तर ०.७४७९ येतं आणि ते चूक आहे. पूर्णवेळ माणूससुद्धा ५२ आठवडे काम करत नाही. तो भरपगारी रजा घेतो, बँक हॉलिडे घेतो. तिच्या कामाची तुलना त्याच्या कामाशी करायची, त्याच्या कॅलेंडरशी नव्हे.

समजा पूर्णवेळ माणसाला २५ दिवस रजा आणि ८ बँक हॉलिडे आहेत. एकूण ३३ दिवस, म्हणजे ६.६ आठवडे. ५२.१४३ मधून ते वजा केले की तो प्रत्यक्षात ४५.५४३ आठवडे कामावर असतो. ती ३९ आठवडे असते. ३९ भागिले ४५.५४३ म्हणजे ०.८५६३३४. हा तिचा वर्षाचा आकडा. त्याला ५२.१४३ ने गुणलं तर ४४.६५ येतात. म्हणजे तिला पगार ४४.६५ आठवड्यांचा मिळतो, ३९ कामाचे आणि ५.६५ भरपगारी रजेचे. ही रजा ती शाळेच्या सुट्टीतच घेते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. दिसत नसली तरी तो तिचा हक्क आहे. कागदावर ती तासांत लिहून ठेवा: ५.६५ गुणिले २५, साधारण १४१ तास.

तिसरा आकडा पगाराचा, पहिल्या दोघांचा गुणाकार: ०.६७५६७६ गुणिले ०.८५६३३४, म्हणजे ०.५७८६०४. त्याला २६,००० ने गुणलं की वर्षाचे १५,०४३.७१ पौंड, महिन्याचे १,२५३.६४. जाहिरात वाचणाऱ्या आईला जो आकडा कुणी समजावून सांगितला नाही, तो हा.

हे बरोबर आहे की नाही हे तपासायची एक रीत मला फार आवडते, कारण तिला सॉफ्टवेअरची गरज लागत नाही. आपली टीचिंग असिस्टंट वर्षात प्रत्यक्ष किती तास कामावर असते? २५ गुणिले ३९, म्हणजे ९७५. पूर्णवेळ माणूस? ३७ गुणिले ४५.५४३, म्हणजे १,६८५.०९. आता १५,०४३.७१ ला ९७५ ने भागा, आणि २६,००० ला १,६८५.०९ ने. दोन्हीकडे प्रत्यक्ष कामाच्या तासाला १५.४३ पौंड येतात. दोघांना एकाच तासाचे सारखेच पैसे मिळाले, तर हिशेब न्यायाचा आहे. ब्रिटनमध्ये जुलै २००० पासून लागू असलेले अर्धवेळ कर्मचाऱ्यांचे नियम हेच मागतात: अर्धवेळ आहे एवढ्याच कारणाने कुणाला पूर्णवेळ माणसापेक्षा कमी लेखायचं नाही, जे द्यायचं ते प्रमाणात द्यायचं. आता ०.७४७९ घेऊन पाहा. तिसरा आकडा सुरुवातीला पाहिलेला ०.५०५४ होतो आणि पगार १३,१३९ पौंडांवर येतो. वर्षाला १,९०४ पौंडांचा फरक पडतो, आणि तो अशा नोकरीत पडतो जिथे आधीच पगार तुटपुंजा आहे.

मी पाहिलेली सर्वांत वाईट चूक याच्या पुढची होती. एका शाळेच्या नोंदी एका यंत्रणेतून दुसऱ्यात नेल्या जात होत्या. जुन्या यंत्रणेतला एफटीई रकाना पगाराचा होता, म्हणजे त्यात वर्षाच्या आठवड्यांचं प्रमाण, वरचा दुसरा आकडा, आधीच बसलेलं होतं. नव्या यंत्रणेतला त्याच नावाचा रकाना आठवड्याच्या तासांचा होता, आणि ती यंत्रणा त्याला आठवड्यांच्या प्रमाणाने पुन्हा गुणत होती. आपल्या उदाहरणाच्या भाषेत ०.५७८६ चे ०.४९५५ झाले, पगार १५,०४४ वरून १२,८८२ वर आला. नावं जुळली, म्हणून तपासणीत काहीच लाल झालं नाही. मी त्या कामात होतो आणि मलाही ते दिसलं नाही. एका स्वयंपाकघर-सहायिकेचा फोन आला तेव्हा कळलं. तिने नम्रपणे विचारलं होतं, माझे तास कमी झाले आहेत का? त्या दिवसापासून मी ‘एफटीई’ असं नुसतं नाव कोणत्याही रकान्याला देऊ देत नाही. ‘आठवडा-एफटीई’, ‘वर्ष-प्रमाण’, ‘पगार-एफटीई’ अशी नावं द्या. पगार-एफटीईचा रकाना हाताने भरता येऊ नये, तो नेहमी गुणाकारातूनच यावा. आणि त्याशेजारी पूर्णवेळचे तास, कामाचे आठवडे, रजेचे दिवस आणि वर्षाचे आठवडे हे चारही मूळ आकडे दिसले पाहिजेत, कारण सहा महिन्यांनी कुणी ‘०.५७८६ कुठून आलं’ असं विचारलं तर उत्तर पडद्यावर हवं.

दशांश लवकर तोडू नका. ०.६८ गुणिले ०.८६ केलं की पगार १५,२०५ येतो, १६१ पौंड जास्त. ते पुढे कधीतरी वसूल होतात, आणि वसुलीचं पत्र घरी येणं ही कुणालाच नको असलेली गोष्ट आहे. निदान सहा दशांश ठेवा. पूर्णांकात आणायचं ते शेवटी, पेन्सच्या पातळीवर.

शिक्षकांना मात्र यातलं काही लावू नका. हे ठळकपणे सांगावं लागतं, कारण नवा माणूस हमखास चुकतो. शाळा १३ आठवडे बंद असते, मग शिक्षकही सत्रकालीनच, असं वाटतं. पण इंग्लंडमध्ये शिक्षकाची पूर्णवेळ नोकरीच १९५ दिवसांची आहे. त्या दिवसांत मुख्याध्यापकाच्या सूचनेनुसार द्यायचे तास १,२६५, आणि ही चौकट १९८७ पासूनची आहे. म्हणून पूर्णवेळ शिक्षकाचा एफटीई १ असतो, वर्ष-प्रमाण १ असतं. अर्धवेळ शिक्षकाचा एफटीई शाळेच्या अध्यापन वेळापत्रकाशी ताडून काढतात: शाळेचा अध्यापनाचा आठवडा २५ तासांचा आणि शिक्षिकेचा १५ तासांचा, तर ०.६. मधली सुट्टी, हजेरी आणि प्रार्थनासभा यांची वेळ या मोजणीत धरत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये शिक्षक आणि सहायक कर्मचारी हे दोन सेवागट वेगळे ठेवले की ही चूक टळते.

रजेच्या कायद्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे पाच वर्षांत दोनदा वारं फिरलं. ब्रिटनमध्ये किमान भरपगारी रजा ५.६ आठवड्यांची आहे. सत्रकालीन माणसाला ती पूर्ण द्यायची की प्रमाणात? बेडफर्डमधल्या एका मुलींच्या शाळेत सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट शिकवणाऱ्या लेस्ली ब्रेझेल यांनी हा प्रश्न हार्पर ट्रस्ट या संस्थेविरुद्ध लढवला. संस्था १२.०७ टक्क्यांनी रजेचे पैसे देत होती. हा आकडा ५.६ भागिले ४६.४ असा येतो. २० जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायम करारावरच्या माणसाला ५.६ आठवडे पूर्ण मिळतात, तो वर्षातले किती आठवडे काम करतो याने ते कमी होत नाहीत. त्यानंतर सरकारने नियम बदलले. १ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या रजा-वर्षासाठी अनियमित तासांच्या आणि वर्षाचा काही भागच काम करणाऱ्या माणसांना कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के रजा साठवता येते.

याचा आपल्या गणिताशी थेट संबंध आहे. आपल्या उदाहरणात ५.६५ आठवडे आले, ५.६ पेक्षा थोडे जास्त, म्हणून निभावलं. पण संस्था पूर्णवेळ माणसालाच किमान २८ दिवस देत असेल, तर सूत्र सत्रकालीन माणसाला ४.६९ आठवडेच देतं. ते चालेल का? नव्या नियमांतल्या ‘वर्षाचा काही भाग’ या व्याख्येत निदान एक आठवडा असा हवा की काम नाही आणि पगारही नाही. १२ समान हप्ते घेणारी कर्मचारी त्यात बसते की नाही हे करारातल्या शब्दांवर ठरतं. म्हणून सूत्रातून येणारी रजा ५.६ च्या खाली जात असेल तर यंत्रणेने थांबून इशारा द्यावा, आणि तो करार शाळेच्या कायदा सल्लागाराकडे जावा. पगार करणाऱ्याने तिथे आपल्या मनाने निर्णय घेऊ नये.

आठवडे सारखे नसतील तर? एका आठवड्यात ३ दिवस, पुढच्यात २ दिवस, रोजचे ६ तास. सरासरी १५ तास भरून मोकळे होतात. पण सत्राचे आठवडे ३९, विषम. तिचे १८ तासांचे आठवडे २० आले आणि १२ तासांचे १९, तर वर्षाचे ५८८ तास होतात, सरासरी १५.०८. फरक लहान आहे, पण वर्षाचे तास मोजून मग ३९ ने भागणं हीच सुरक्षित रीत. बँक हॉलिडेचंही असंच. बरेच बँक हॉलिडे सोमवारी येतात; सोमवारी काम न करणारीला दिवसांच्या हिशेबाने ते मिळतच नाहीत. म्हणून त्यांचेही तास करा आणि सगळ्यांना प्रमाणात वाटा.

एकच बाई सकाळी टीचिंग असिस्टंट आणि दुपारी जेवणाच्या वेळची देखरेख करते, हे शाळांत नेहमीचं आहे. दुसरी नोकरी समजा आठवड्याला ६.२५ तास, ३८ आठवडे. दोन्ही पदांचे तास मिळवून ३१.२५ करायचे आणि एकच आठवड्यांचं प्रमाण लावायचं, हा मोह टाळा. दर पदाचं स्वतंत्र गणित करा, श्रेणीही वेगळी असू शकते. दुसऱ्या पदाचा पगार-एफटीई ०.१४०९ येतो, दोन्ही मिळून ०.७१९५. वर्षाचे तास ९७५ अधिक २३७.५ घेऊन १,६८५.०९ ने भागलंत तर तेच उत्तर मिळेल.

मधेच येणाऱ्या आणि मधेच जाणाऱ्या माणसांकडे विशेष लक्ष द्या. हप्ते समान असतात, काम समान नसतं. आपली सहायिका १ सप्टेंबरला लागली आणि ३१ डिसेंबरला सोडून गेली. तिला चार हप्ते मिळाले, ५,०१५ पौंड. पण शरद सत्रात तिने समजा १५ आठवडे काम केलं. वर्षाचे १५,०४३.७१ भागिले ३९, गुणिले १५, म्हणजे ५,७८६ पौंड तिने कमावलेले आहेत. ७७१ पौंड देणं लागतात. यंत्रणेला फक्त महिने कळतात, ती हे आपणहून देणार नाही, आणि बाई बहुधा मागणारही नाही. उलट कुणी एप्रिलमध्ये लागून ऑगस्टअखेर सोडलं, तर हप्ते कामापेक्षा जास्त गेलेले असतात. म्हणून रुजू होतानाच उरलेल्या कामाच्या आठवड्यांवरून त्या वर्षाचा हप्ता वेगळा काढा, आणि सोडताना हिशेब जुळवल्याशिवाय फाइल बंद करू नका. तास मधेच बदलले तर जुनी ओळ पुसून नवी लिहू नका. बदलाच्या तारखेपासून नवी नोंद करा, नाहीतर मागच्या महिन्यांचं गणित पुन्हा कधीच उभं राहत नाही.

अहवाल मागणाऱ्याला आधी विचारा, कुठला एफटीई? मुख्याध्यापकाला आज वर्गात किती हात आहेत हे हवं असतं, त्याला आठवडा-एफटीई द्या. अंदाजपत्रकाला पगार-एफटीई लागतो. इंग्लंडमध्ये दर नोव्हेंबरात होणाऱ्या शालेय कर्मचारी गणनेत आठवड्याचे तास, पूर्णवेळचे तास आणि वर्षाचे आठवडे वेगवेगळे मागतात, तिथे आपले सुटे रकाने तयारच असतात. स्त्री-पुरुष वेतनफरकाचा अहवाल २५० कर्मचाऱ्यांपासून लागतो, आणि ते २५० डोकी मोजून, एफटीई मोजून नव्हे. स्थानिक प्रशासनाच्या निवृत्तिवेतन योजनेत एप्रिल २०१४ पासून वर्गणीचा टप्पा प्रत्यक्ष पगारावर ठरतो. त्याआधीच्या नोकरीसाठी मात्र पूर्णवेळ दराचा पगार लागतो. म्हणजे तिचा २६,००० आणि तिचा १५,०४४, दोन्ही आकडे तिच्या निवृत्तीपर्यंत जपून ठेवायचे असतात.

यंत्रणा नवी लावत असाल तर चालू करण्याआधी पाच माणसांचे हिशेब कागदावर करा: वर्षभराची पूर्णवेळ, वर्षभराची अर्धवेळ, सत्रकालीन अर्धवेळ, दोन पदांवरची एक, आणि डिसेंबरात सोडून जाणारी एक. यंत्रणेचा आकडा पेन्सपर्यंत जुळेपर्यंत सही करू नका.

आणि नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या वाचकांनी मुलाखतीतच चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष वार्षिक पगार किती, पगाराचे आठवडे किती धरले, त्यात रजेचे किती, आणि मध्येच सोडलं तर हिशेब कसा होईल. पगाराच्या आठवड्यांचा आकडा ३९ च सांगितला, तर रजा कुठे गेली हे तिथेच विचारा आणि उत्तर नेमणूकपत्रात लिहून मागा.